काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीच्या बुडावर काय लिहिलंय आणि ती परत भरता येते का

तुझे अकराच्या अकरा फोटो मोठे करून बघितले, रात्री चष्मा लावून एकदा आणि सकाळी उजेडात परत एकदा. ज्यांनी प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बेळगावजवळच्या खानापूरकडचा हा पोरगा, ह्याचा आज्जा मराठा रेजिमेंटला होता, आता जुनं घर पाडायला काढलंय आणि गोठ्यावरच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी सापडली. पेटीत चार्जरमध्ये, म्हणजे काडतुसं ओळीनं धरणाऱ्या पत्र्याच्या पट्टीत, बसलेली पाच भरलेली काडतुसं, चौदा-पंधरा रिकाम्या पुंगळ्या, चार कागदी बारा बोर आणि काही सुटं पितळ. प्रश्न दोन आहेत. बुडावरच्या अक्षरांचा अर्थ काय, आणि काकाकडं पीक संरक्षणाचं बारा बोरचं लायसन आहे, काडतुसं महाग झालीत, तर ह्या पुंगळ्या आणि काकाकडच्या वापरलेल्या परत भरून घेता येतील का.

मी फौजेत आर्मरर होतो, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती करणारा, पेन्शन आल्यावर काही वर्षं लायसनवाल्या बंदूक दुकानात रिपेरीच्या बाकड्यावर बसलो. त्यामुळं दोन्ही बाजू बघितल्यात, कोतमधली, म्हणजे फौजेच्या हत्यारखोलीतली पण, आणि शेतकऱ्याची पण. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे, ते आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत आशेवर राहू नकोस. पण का नाही ते नीट समजून घे, कारण नुसतं कायदा आहे म्हणून सांगितलं की लोक मान हलवतात आणि घरी जाऊन करायचं तेच करतात.

आधी वाचायचं कसं ते. फोटोत फ्लॅश मारलास म्हणून अर्धी अक्षरं चमकून गेली. रिकामी पुंगळी घे, परत सांगतो रिकामी, बुडावर शाळेतला पांढरा खडू आडवा घास आणि वरचा भुगा बोटानं पुसून टाक. खाचेत खडू राहतो आणि अक्षरं पांढरी उठून दिसतात. खिडकीशी बस, उजेड बाजूनं येऊ दे. अगदीच झिजलेलं असेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची, आपण लहानपणी नाण्याची करायचो तशी. भरलेल्या काडतुसाला यातलं काहीही करायचं नाही, त्याच्याकडं नंतर येतो.

पहिला ते तिसरा फोटो. इंग्रजी के, एफ, मग ४३ आणि रोमन सात. तू लिहिलंस की १९४३ सालचा सातवा महिना असेल. साल बरोबर, महिना नाही. के एफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी, पुण्याची, १८६९ पासून चालू आहे. रोमन सात म्हणजे मार्क सात, थ्री नॉट थ्री ह्या जुन्या लष्करी रायफलीच्या गोळीचा नमुना, १९१० साली आलेला, १७४ ग्रेनची टोकदार गोळी. पुढं महायुद्धाच्या शेवटी-शेवटी रोमन आकडे जाऊन साधा इंग्रजी सात यायला लागला. सातापुढं झेड असेल तर आत कॉर्डाइट, म्हणजे काड्यांची जुनी दारू, नसून नायट्रोसेल्युलोजची दारू आहे असं समजायचं. आणि बाण असतोय बघ, कोंबडीच्या पायासारखा, तो सरकारी मालाचा शिक्का, ब्रॉड अ‍ॅरो. त्याच्या जोडीला इंग्रजी आय आला की हिंदुस्थान सरकारचा माल.

त्याच घराण्यातली दुसरी अक्षरं पण सांगून ठेवतो कारण युद्धात माल कुठनं कुठं फिरला ह्याला हिशेब नव्हता आणि आपल्या भागात घराघरात माजी सैनिक, प्रत्येकाच्या पेटीत काहीतरी निघतंच. आर आणि एल मधी बाण म्हणजे वूलिचची रॉयल लॅबोरेटरी. आर जी म्हणजे रॅडवे ग्रीन. नुसता के म्हणजे बर्मिंगहॅमची किनॉक, त्याला खडकी समजू नका, खडकीचा के एकटा येत नाही, बरोबर एफ असतो. एम एफ ऑस्ट्रेलियातलं फुटस्क्रे. डी ए सी कॅनडा. डब्ल्यू आर ए अमेरिकेची विंचेस्टर. स्वातंत्र्यानंतरच्या मालावर के एफ चालूच राहिलं आणि ओ एफ व्ही आलं, ते वरणगाव, भुसावळजवळ. पी ओ एफ दिसलं तर ते पाकिस्तानचं, कुणीतरी पासष्टच्या नाहीतर एकाहत्तरच्या लढाईतनं आणलेलं असण्याची शक्यता जास्त.

आता महत्त्वाचं. तुझ्या चार्जरमधल्या पाच भरलेल्यांपैकी चारांच्या टोपीभोवती, म्हणजे बुडाच्या मधोमध ठोका खाऊन दारू पेटवणारी बारीक वाटी असते तिच्याभोवती, जांभळट कडं दिसतंय, लाखेसारखं. ती ब्रिटिश पद्धतीत साध्या गोळीची, बॉलची, खूण. पाचव्याचं कडं मला लाल वाटतंय. फोटोत रंग फसवतो पण बुडावर जी अक्षर पण आहे. लाल कडं आणि जी म्हणजे ट्रेसर, गोळीच्या शेपटीत जळणारं मिश्रण भरलेलं. हिरवं कडं आणि डब्ल्यू म्हणजे चिलखत भेदणारी, निळं कडं आणि बी म्हणजे आग लावणारी. ऐंशी वर्षांचं ते मिश्रण आत कुठल्या अवस्थेत आहे हे बाहेरनं कुणालाच कळत नाही, मलाही नाही. ते पाच राऊंड चार्जरमध्ये आहेत तसेच पेटीत राहू देत.

चौथा फोटो, के एफ आणि ३१५. हे साल नाही की लॉट नंबर नाही, हे बोर आहे. थ्री नॉट थ्री हे लष्करी बोर, साध्या नागरिकाच्या लायसनवर मिळत नाही, म्हणून आपल्याकडं पॉइंट तीनशे पंधराची स्पोर्टिंग रायफल आली, ईशापूरच्या सरकारी कारखान्याची. काडतूस बघायला थ्री नॉट थ्रीचा सख्खा भाऊ, दोघांच्याही बुडाला बाहेर आलेला कंगोरा, पण भाऊ म्हणून एकमेकाच्या घरात राहत नाहीत. ओळखायला फूटपट्टी पुरते. थ्री नॉट थ्रीची पुंगळी ५६ मिलीमीटर लांब, तीनशे पंधराची ५० च्या आसपास. बाकी फौजी हत्यारांपैकी सेव्हन सिक्स टू एसएलआर रायफलीची ५१, पण तिला बाहेर आलेला कंगोरा नाही, बुडाजवळ खाच आहे. एके ची ३९. इन्सासची ४५ आणि बारीक. नाईन एमएमची १९, बुटकी सरळ. बुडावर गोलात अधिक चिन्ह दिसलं तर तो नाटोचा शिक्का.

पाचवा फोटो बघून हसलो, रागावू नकोस. "१२ लिहिलंय म्हणजे १९१२ चं असेल का, किंमत किती येईल." अरे ते बारा बोर आहे. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोरची नळी, साधारण साडेअठरा मिलीमीटर. म्हणून बारापेक्षा वीस बोर बारीक, आकडा वाढला की नळी लहान. तुझ्याकडच्या कागदी काडतुसांवर एली-किनॉक आहे, इंग्लंडचा माल, त्या काळी शिकारी लोकांकडं तोच असायचा. काकाकडची प्लॅस्टिकची बहुतेक शक्तिमान छापाची असतील, ती खडकीची. बारा बोरच्या बुडावर वर्ष शोधत बसू नये, लष्करी मालासारखी शिस्त तिथं नाही. छर्‍याचा नंबर पण बुडावर नसतो, तो अंगावर नाहीतर तोंडाच्या चकतीवर छापतात, एलजी, एसजी, बीबी, चार नंबर, सहा नंबर.

बारा बोरच्या बाबतीत एक आकडा मात्र बघच, तो म्हणजे लांबी. ६५ की ७० मिलीमीटर. जुन्या विलायती डबल बारच्या चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, ६५ च्या म्हणजे अडीच इंची असतात, आणि डब्यावर जी लांबी लिहितात ती उडाल्यावर उघडलेल्या काडतुसाची. न उडालेलं ७० चं काडतूस आखूड दिसतं आणि जुन्या चेंबरमध्ये मजेत बसतं. बसलं म्हणजे चाललं असं लोकांना वाटतं. उडवल्यावर तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. काकाला बंदुकीच्या नळ्यांखाली चेंबरची लांबी कोरलेली आहे ती बघायला सांग, बंदूक मोडली, म्हणजे उघडली, आणि नळ्या काढल्या की दिसते.

आता पुंगळी परत भरणं.

बुडावरची अक्षरं म्हणजे पुंगळीचा जन्मदाखला. कुठं जन्मली, कधी, कुठल्या घरात. तब्येतीचा दाखला तिथं नाही. ती किती वेळा उडली, कुठल्या बंदुकीतनं, कुठल्या हवेत पडून होती ते पितळाच्या अंगावर असतंय आणि बरंचसं अंगाच्या आत. परत भरायचं ते अंग, बूड नव्हे.

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मला एका बोर्डाचं काम दिलं होतं. लाकडी फळीवर वेगवेगळी ड्रिल राऊंड, म्हणजे सरावाची बिनदारूची काडतुसं, आणि रिकाम्या केसेस, म्हणजे पुंगळ्याच, तारेनं बसवायच्या, खाली नावं, रंगरुटांना दाखवायला. मी हौसेनं प्रत्येक केस ब्रासोनं घासली. पट्ट्याचं बक्कल घासतो तशी, आरशासारखी. पावसाळा गेला आणि इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी बोर्ड खाली काढला तर पाच-सहा केसेसच्या माना उभ्या चिरलेल्या, वाळक्या कळकासारख्या. कुणी हात लावला नव्हता. मला वाटलं कुणीतरी खोडी केली. उस्तादनं बघितलं, एक केस हातात घेतली, नखानं चिरेवर टक् टक् केलं आणि विचारलं, ब्रासो लावलास का. लावलं म्हटल्यावर जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यानंतर जे सांगितलं ते आयुष्यभर पुरलं.

काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. ते थंड असतानाच दाबून ओढून वाटीची नळी करतात, मान आवळतात, गोळी बसवून परत आवळतात. त्या ओढाताणीचा ताण पितळात अडकून बसतो. तसल्या ताणलेल्या पितळाला ओल आणि अमोनिया मिळाला की ते आपोआप चिरतं. हे पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आलं ते आपल्याच देशात, इंग्रजांच्या फौजेत. पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवायचे आणि पावसाळा संपल्यावर बघावं तर केसेस चिरलेल्या. पावसाळ्यात होतंय म्हणून सीझन क्रॅकिंग नाव पडलं. कारण घोड्याच्या मुताचा अमोनिया, ते नीट उलगडून कागदावर आलं १९२१ साली. उपाय म्हणजे पितळ बेतानं तापवून ताण घालवणे. लष्करी केसच्या मानेवर निळसर-करडी झाक असते ना, ती त्याच तापवण्याची, डाग नव्हे, पुष्कळ लोक ते खराब माल म्हणून बाजूला टाकतात. आणि पितळ उजळायच्या त्या पॉलिशमध्ये अमोनिया असतो.

आता तुझी पेटी कुठं होती. गोठ्याच्या माळ्यावर. खाली म्हशी, शेण, मूत, आणि तुमच्याकडचा पाऊस, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात चार महिने भिंती पाझरतात, घोंगडं वाळत नाही. एकोणीसशे त्रेचाळीसच्या पितळाला यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही. सहाव्या फोटोत मानेवर केसासारखी काळी रेघ आहे ती ओरखडा म्हणून तू सोडून दिलीस, मला ती चीर वाटते. हाताशी भिंग असेल तर बघ. आणि आईनं दोन पुंगळ्या चिंचेनं घासून चकचकीत केल्यात म्हणालास, चिंचेचं काही नाही, समई-तांब्याला चालतं तसं चालतं, पण चकाकीवरनं पितळाची जात आणि जोर कळत नाही एवढं लक्षात ठेव.

टोपीचा विषय वेगळा. पुंगळीच्या तोंडातनं आत टॉर्च मार आणि तळ बघ. मधोमध एक भोक असेल तर बॉक्सर पद्धत, दोन बारीक भोकं बाजूबाजूला असतील तर बर्डन. बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, दोघांनीही १८६६ च्या आगेमागे काढली, आणि गंमत अशी की अमेरिकेनं इंग्रजाची उचलली आणि युरोपनं अमेरिकनाची. बॉक्सरमध्ये ऐरण, म्हणजे जिच्यावर टोपीतला मसाला चेपून पेटतो तो उंचवटा, टोपीच्या आत असते, बर्डनमध्ये केसच्या तळालाच उठवलेली. परदेशात जे हौशी लोक काडतुसं परत भरतात ते बॉक्सरच भरतात, कारण मधल्या भोकातनं सळई घालून जुनी टोपी सरळ बाहेर ढकलता येते. बर्डनमध्ये सळई घातली तर मधल्या ऐरणीवर आपटते आणि मोडते. तुझ्या थ्री नॉट थ्रीच्या सगळ्या बर्डन. त्यात जुन्या टोप्यांत पारा असायचा, मर्क्युरी फुल्मिनेट. बार उडाला की तो पारा पितळात शिरतो आणि पितळ आतनं ठिसूळ करतो. बाहेरनं काहीही दिसत नाही. टोपीतल्या क्लोरेटचं मीठ नळीत राहतं आणि हवेतली ओल ओढून गंज धरतं, म्हणून तर आम्ही फायरिंगनंतर नळीत फनेलनं उकळतं पाणी ओतायचो, आधी पाणी, मग तेल, उलटं केलं तर तेलाखाली गंज चालूच.

कॉर्डाइटबद्दल पण सांगतो, लोकांना माहीत नसतं. त्या थ्री नॉट थ्रीत दारू म्हणजे भुकटी नाही, शेवयांसारख्या लांब काड्यांची जुडी. ती एवढी की मान आवळलेल्या केसमध्ये जाणारच नाही. कारखान्यात केस सरळ नळी असताना जुडी घालायचे आणि मग मान आवळायचे. म्हणजे ते काडतूस घरच्या भरणाऱ्यासाठी कधी बनलंच नव्हतं.

ज्या देशांत हे कायदेशीर आहे, अमेरिकेत वगैरे, तिथं लोक टेबलाला दाबयंत्र बोल्ट करून, डाय म्हणजे केसला माप देणारे साचे घेऊन, कुठल्या काडतुसात किती दारू ते सांगणारं छापील पुस्तक समोर ठेवून, दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलून भरतात. स्वस्त पडतं म्हणून आणि त्याहून जास्त नेम चांगला लागतो म्हणून. तेसुद्धा प्रत्येक केस किती वेळा उडली ह्याची नोंद ठेवतात, लांबी मोजतात, मान परत मऊ करतात. आणि थ्री नॉट थ्रीची केस त्यांच्याकडं पण लवकर मरते. ली-एनफील्ड, म्हणजे थ्री नॉट थ्रीची रायफल, तिचा बोल्ट मागच्या बाजूला लॉक होतो त्यामुळं बार उडताना सगळं किंचित लवतं, शिवाय चेंबर चिखलातसुद्धा चालावी म्हणून ऐसपैस केलेली, आणि केस बुडाच्या थोडी वर ताणली जाते. बाहेरनं तिथं एक चकाकती रेघ दिसते, अंगठीसारखी. तुझ्याकडं एखादी जाडसर तार असेल तर टोकाला नखाएवढा काटकोन करून रिकाम्या केसमध्ये घाल आणि तळापासून भिंतीला घासत वर ओढ. त्या रेघेच्या जागी तार अडकली, आत खळगी लागली, तर ती केस पुढच्या बाराला तिथंच दोन तुकडे होणार. बूड बाहेर येईल, धड चेंबरमध्ये राहील, आणि मधल्या फटीतनं गरम वायू मागं, तोंडावर. एवढं सगळं जाणणारी माणसं आणि एवढी साधनं असून हे होतं.

आपल्याकडं काय होतं ते दुकानात बघितलंय. गाव सांगत नाही. शेतकरी माणूस, डुकरांनी ऊस नासवलेला, कुणीतरी व्हिडिओ दाखवला आणि ह्यानं प्लॅस्टिकच्या बारा बोर पुंगळ्या घरीच भरल्या. ठासणीच्या बंदुकीला जेवढं माप घालतात त्याच मापानं घातलं, फक्त ह्यावेळी काळी दारू नव्हती, कुणाकडनं तरी मिळालेली बिनधुराची होती. काळ्या दारूचं माप डोळ्याच्या अंदाजानं चालून जातं, बिनधुराची त्याच मापानं म्हणजे बंदूक नव्हे सुरुंग. बारा बोरचा नेहमीचा दाब चौरस इंचाला दहा हजार पौंडांच्या आसपास, नळीची भिंत तेवढ्यासाठीच बेतलेली असते. माझ्या बाकड्यावर ती बंदूक आली तेव्हा उजवी नळी चेंबरच्या पुढं सोललेल्या केळीसारखी उघडलेली आणि नळीखालच्या लाकडी फोरएंडचा, जिथं डावा हात असतो त्याचा, पत्ताच नाही. डाव्या हाताची दोन बोटं गेली. माणूस वाचला. मला विचारत होता नळी बदलून मिळेल का.

दुसरं एक, भरण्याचा संबंध नाही पण अक्षरं न वाचण्याचा आहे. वीस बोरचं काडतूस बारा बोरच्या नळीत टाकलं तर ते आत सरकून पुढं अडकतं, मागनं बघितलं तर नळी रिकामी दिसते. मग माणूस म्हणतो, अरे भरलंच नाही वाटतं, आणि बारा बोरचं घालून चाप ओढतो. पुढचं सांगायला नको. म्हणून हल्ली वीस बोर पिवळ्या रंगात येतं. जुनं कागदी असेल तर रंगावर विसंबू नका, बुडावरचा आकडा वाचा.

कायद्याचं थोडक्यात. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९, कलम ५, काडतूस बनवायला वेगळं लायसन लागतं, काकाचं बंदूक बाळगायचं लायसन त्याला चालत नाही, आणि भरणं म्हणजे बनवणंच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रं हीसुद्धा कायद्याच्या व्याख्येत अ‍ॅम्युनिशनच आहेत. आठवण म्हणून ठेवलेल्या रिकाम्या पुंगळीला कलम ४५ मध्ये किरकोळ भाग म्हणून वाट आहे, पण तीच पुंगळी, टोप्या, दारू आणि डाय एकाच घरात सापडली की ती वाट बंद, कारण तिथं लिहिलंच आहे की जुळणाऱ्या भागांबरोबर वापरायचा हेतू नसला पाहिजे. काडतुसं महाग झालीत हे खरंय, मी नाही म्हणत नाही, पण काकाचे महिन्याला दोन बार होत असतील, ते पण डुकरं हुसकायला हवेत. त्यात वाचून वाचणार किती?

आता ते पाच भरलेले थ्री नॉट थ्री आणि चार कागदी बारा बोर. बारा बोर काकाच्या लायसनवर घ्यायचा विचार करायलास तर सोडून दे, लायसनवर खरेदीची नोंद लागते, आणि ओल खाऊन फुगलेला कागद चेंबरमध्ये अडकतो. थ्री नॉट थ्री तर कुणाच्याच लायसनवर बसत नाही. पेटी थंड कोरड्या जागी, पोरांच्या हाताबाहेर ठेव, घरातला मोठा माणूस आणि गावातला एखादा शहाणा बरोबर घेऊन आधी पोलीस स्टेशनला कळव, आज्जाच्या डिस्चार्ज बुकाची, म्हणजे फौजेतनं सुटतानाच्या नोंदवहीची, झेरॉक्स ने, ते येऊन बघतात की आणायला सांगतात ते त्यांना ठरवू दे. खिशात घालून एसटीनं घेऊन जाऊ नकोस, बसमध्ये झडती झाली तर सांगत बसशील. कलम २१ मध्ये असला माल विनाविलंब ठाण्यात जमा करायची सोय आहे. यादी दोन प्रतीत कर, कानडीत आणि मराठीत, बुडावरची अक्षरं जशीच्या तशी लिही, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. आपल्याकडं लोक भीतीनं दोनच गोष्टी करतात, विहिरीत टाकतात नाहीतर मलप्रभेत सोडतात. मग उन्हाळ्यात पाणी आटलं की पोरांना सापडतं आणि पोरं दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं ठोकतात. चुलीत टाकून नाश करणं, पकडीनं गोळी उपसणं, टोपीला भोक पाडून शोभेचं करणं, ह्यातलं एकही करायचं नाही. चार्जर मात्र ठेवून दे, मोकळा असेल तर, ती नुसती पत्र्याची पट्टी आहे.

रिकाम्या पुंगळ्या आज्जाची आठवण म्हणून फ्रेममध्ये लावायच्या म्हणालास, छान दिसतील, फक्त यादीत त्या पण दाखव. तुझ्या आज्जानं त्या कशा आणल्या हे मला कोडंच आहे. आमच्या वेळी रेंजवर फायर झालेल्या केसेस मोजून परत जमा करायच्या असत. शंभर राऊंड नेले तर शंभर केसेस. एकदा संध्याकाळी एक कमी पडली, अख्खी प्लाटून गुडघ्यावर, गवतात हात घालून चाचपतेय, अंधार पडायला लागला, लंगरमधनं जेवणाचा वास येतोय आणि जेसीओ साहेब म्हणतायत की सापडल्याशिवाय एक माणूस हलणार नाही. शेवटी सापडली ती एका जवानाच्या दुमडलेल्या बाहीत, उडून तिथं पडली होती गरम गरम, आणि चटका बसला तेव्हा तो मुंगी चावली समजला होता. युद्धात मोजणारं कोण होतं म्हणा.

राहिला सातवा फोटो, तो मला लागला नाही. बुडाला कंगोरा आहे, अक्षरांतला पहिला के वाटतोय, पण लांबी कळत नाही आणि मान आहे की सरळ नळी आहे ते पण दिसत नाही. रिकामीच आहे ना ते आधी बघ, तोंडातनं आत उजेड दिसला पाहिजे. मग खडू लावून परत फोटो काढ, शेजारी फूटपट्टी ठेव, आणि एक फोटो आडवा काढ.